सिंकखालच्या दाराची खालची कड

दिवाळीच्या फराळाची मोठी पातेली घासून ठेवताना झारा हातातून निसटला आणि ओट्याखाली गेला. तो काढायला वाकले, आधाराला सिंकखालच्या दाराची कड धरली, आणि बोटांना लाकूड लागलं ते चहात बुडवलेल्या खारीसारखं. नख लावलं तर रुतलं. उठून समोरून बघितलं तर दार व्यवस्थित दिसत होतं. मुठीभोवती जरा काळपट, बाकी ठीक.

मग तिथेच फरशीवर बसले आणि खालच्या ओळीतली सातही दारं तपासली. अंगठा खालच्या कडेवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत. ही पद्धत अण्णांची, म्हणजे माझ्या सासऱ्यांची. ते माटुंग्याच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये सुतार होते. नात्यात कुणाकडे नवं कपाट आलं की बाकीचे समोरून हात फिरवून "छान आहे हो" म्हणायचे, अण्णा आधी खाली वाकायचे. लग्न होऊन आले तेव्हा मला त्याचं नवल वाटायचं. एकदा विचारलं तर म्हणाले, "समोरून सगळेच पॉलिश करतात गं. खालून केलंय का ते बघतो."

सातांपैकी सिंकखालची दोन मऊ, त्यांच्या शेजारचं एक फुगायला लागलेलं, चार कोरडी. त्यानंतर जानेवारीपर्यंत मी या दारांवर जे काम केलं ते इथे सविस्तर लिहितेय, कारण मुंबईतल्या बहुतेक स्वयंपाकघरांतली दारं याच जागेवरून जातात, आणि पॉलिशचे पैसे मात्र आपण समोरच्या चकाकीसाठी मोजतो.

दुसऱ्या दिवशी आई, म्हणजे माझ्या सासूबाई, भांडी विसळत होत्या तेव्हा मी खाली पाट टाकून बसले, फक्त पाणी कुठून कुठे जातं ते बघायला. आमच्या ओट्याच्या ग्रॅनाइटची कड गोल केलेली आहे. उडालेलं पाणी त्या गोलाईवरून वळतं, दगडाच्या खालच्या अंगाला चिकटून आत सरकतं आणि दाराच्या वरच्या कडेवर उतरतं. तिथून दाराच्या तोंडावरून एक बारीक ओघळ निघतो. सावकाश खाली येतो, खालच्या कडेशी थांबतो, आणि तिथे थेंब होतो. तो पडत नाही, लटकून राहतो. वरून आणखी पाणी आलं की फुगतो, मग पडतो, पण त्याच्या जागी अर्धा थेंब उरतोच. भांडी झाली, आईंनी ओटा पुसला, दारांवरूनही फडकं फिरवलं, आमचा चहा पिऊन झाला. तो अर्धा थेंब तिथेच होता.

दाराच्या चौकटीतल्या उभ्या पट्ट्या खालपर्यंत येतात आणि त्यांचा आडवा काप नेमका त्या कडेवर असतो. झाड जिवंत असताना ज्या नळ्यांतून पाणी वर चढायचं, त्यांची तोंडं त्या कापावर उघडी पडलेली असतात. लाकूड समोरच्या अंगानं जेवढं पाणी पितं त्याच्या कितीतरी पट जास्त या कापातून पितं. आणि पॉलिश करणारा माणूस दार जागेवर असतानाच ब्रश मारतो, तेव्हा त्याचा ब्रश नेमका इथेच पोचत नाही.

ही दारं साधी नाहीत, निदान आमच्यासाठी. १९९७ साली अण्णांनी ती स्वतः केली. चौकटी सागाच्या, गावचं जुनं घर उतरवलं तेव्हाच्या लाकडाच्या. मधली पॅनेल सागाचं व्हिनियर, म्हणजे लाकडाचा पातळ थर, लावलेल्या प्लायची. मग २६ जुलै २००५ आला. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस, मिठी नदी पात्र सोडून बाहेर, आणि कुर्ल्यात आमच्या तळमजल्यावर कमरेएवढं पाणी. खालची सातही दारं रात्रभर बुडालेली होती. पाणी ओसरल्यावर प्लायचे पापुद्रे पत्त्यांसारखे सुटले होते. सागाच्या चौकटी चिखलानं माखलेल्या, पण सांध्याला धक्का नाही.

त्या वेळी गल्लीत सगळ्यांनी लाकूडसामान उन्हात काढलं होतं. अण्णांनी आमची दारं उन्हात ठेवू दिली नाहीत. प्लाय काढून टाकले, चौकटी धुतल्या, आणि आतल्या खोलीत एकावर एक रचल्या, प्रत्येक दोन चौकटींमध्ये सारख्या जाडीच्या पट्ट्या ठेवून, म्हणजे चारही बाजूंनी हवा खेळेल. सगळ्यात वर पाट्याचा दगड. दर चार दिवसांनी वरच्या खाली, खालच्या वर. उन्हात ठेवलेलं लाकूड एका बाजूनं आधी सुकतं, आकसतं आणि पिळतं. शेजारच्यांच्या कपाटांची दारं त्या ऑगस्टमध्ये केळीच्या पानासारखी वळली, ती नंतर कधी बंद झाली नाहीत. आमच्या चौकटी नोव्हेंबरपर्यंत तशाच पडून होत्या, मग नवी पॅनेल बसली आणि दारं पुन्हा लागली.

अण्णा २०१५ साली गेले. पुढच्या वर्षी गणपतीच्या आधी पंधरा दिवस आम्ही घराला रंग काढला, आणि रंगाऱ्यानंच दारांना मेलामाइन, म्हणजे कडक थराचं एक पॉलिश, मारून देतो म्हटलं. अण्णा असते तर त्यांनी श्रावणात पॉलिशचा डबा घरात येऊ दिला नसता. मला तेव्हा एवढं कळत नव्हतं. सीलरचा, म्हणजे खालच्या थराचा, हात मारला आणि बघता बघता दारांवर धुरकट साय आली. रंगारी म्हणाला, वरचा हात मारला की जाईल. ती गेली नाही, खाली अडकून राहिली.

त्याचं कारण मला आत्ता, हे काम करताना समजलं. सीलरमधला थिनर झपाट्यानं उडतो आणि उडताना लाकडाचा पृष्ठभाग गार करून जातो. फ्रिजमधून काढलेल्या बाटलीला जसा बाहेरून घाम येतो, तसं पावसाळ्याच्या हवेतलं पाणी त्या गार झालेल्या थरावर उतरतं आणि ओल्या पॉलिशमध्ये मिसळतं. कुर्ल्यात जुलै-ऑगस्टमध्ये रुमाल दोन दिवस वाळत नाही, तिथे हे होणारच. सणाच्या आधी घर नवं करायची आपली रीत मला मनापासून आवडते, पण लाकडाचं पॉलिश त्यातून वगळा. ते दिवाळीनंतर करा. डिसेंबर-जानेवारीतली दुपारची कोरडी हवा या कामासाठी मुंबईत मिळणारी सगळ्यात चांगली हवा.

तर या वेळी दोन मतं समोर होती. नवऱ्याचं आणि मुलाचं म्हणणं, सगळं काढून मॉड्युलर करू. त्यात चूक काही नाही, पण दुकानातून दाराचा नमुना म्हणून आणलेला पार्टिकल बोर्डाचा तुकडा मी रात्री पाण्याच्या पेल्यात उभा ठेवला. एक कड उघडी होती, बाकी तिन्हींना पट्टी होती. सकाळी उघड्या कडेशी तो इतका फुगला होता की वरचा सनमायका उचलला गेला होता. आमच्या ओट्याखाली हे किती पावसाळे टिकलं असतं! मुलानं तो तुकडा हातात घेऊन बघितला आणि विषय तिथेच संपला.

दुसरं मत आमच्या वस्तीतल्या पॉलिशवाल्या चाचांचं. ते अण्णांना ओळखायचे. त्यांनी दारं बघितली, मऊ कडेला पटाशीचं टोक लावलं आणि म्हणाले, "लकडी अच्छी है बेटा, नीचे से काट के पट्टी लगवा लो. बाकी सब पे पीयू मार देता हूँ." वरची पाच धरून बाराही दारांचे चोवीस हजार सांगितले. भाव वाजवी होता. ते दोन डब्यांचं पीयू, म्हणजे पॉलियुरेथेनचं पॉलिश, स्प्रेनं मारतात, त्याला बंद खोली आणि श्वासाचा चांगला मुखवटा लागतो, कारण त्यातला हार्डनर छातीला वाईट. आमच्या घरात ऐंशी वर्षांच्या आई आहेत, दारं बाहेर नेऊन आणायचा खर्च वेगळा. मी चाचांना सरळ विचारलं की मी हातानं केलं तर जमेल का. ते म्हणाले जमेल, फक्त घाई करू नकोस. आणि काय वापरायचं तेही त्यांनीच सांगितलं. त्यांना स्वतःचं काम जात होतं, तरी सांगितलं. त्यांचे आभार इथे पुन्हा मानते.

जुनं लाखेचं पॉलिश स्वयंपाकघरात चालत नाही. दिसायला त्याच्यासारखं काही नाही, पण गरम पातेलं टेकलं की पांढरं कडं उमटतं, आणि सोड्याच्या पाण्यानं पुसलं की ते विरघळायला लागतं. मेलामाइन कडक असतं, पाणी अडवतं, पण ब्रशनं सारखं बसवणं कठीण आणि वास डोळ्यांत पाणी आणतो. मी घेतलं ते एका डब्यात येणारं, तेलाच्या पायाचं पीयू वॉर्निश, मॅट. टर्पेंटाइननं पातळ होतं, हळू सुकतं, म्हणून धुरकट होत नाही आणि ब्रशच्या रेघा आपोआप बसतात. किंचित पिवळसर झाक येते, ती सागाला शोभते. पांढरी दारं असतील तर मात्र हे घेऊ नका, पाण्याच्या पायाचं घ्या.

दुकानात एक घोटाळा होतो तो सांगते. "किचनच्या दारांना सीलंट द्या" म्हटलं की सिलिकॉनची नळी हातात पडते. ती सिंक आणि दगडाच्या फटीसाठी. लाकडाच्या तोंडाला ती लावायची नसते, आणि पॉलिश पूर्ण होईपर्यंत ती नळी दारांच्या आसपास फोडूही नये. त्याचं कारण पुढे येतंच.

पहिल्यांदा दारं उतरवली. बिजागरीचे स्क्रू काढताना सिंकच्या डाव्या दाराच्या आतल्या बाजूला, बिजागरीच्या पत्र्याखाली, पेन्सिलीनं लिहिलेलं सापडलं: 'सिंक डावे, ८.११.०५'. अण्णांचं अक्षर. प्रत्येक दाराला तसंच, जागा आणि तारीख. मला ती जागा पॉलिश पेपरनं घासवेना. तेवढा चौकोन टेप लावून झाकला आणि बाकीचं काम त्याच्याभोवती केलं. माझी खूण मी शेजारी केली.

सिंकची दोन आणि तिसरं फुगलेलं, अशी तीन दारं आधी दोन आठवडे सावलीत उभी करून सुकवली. मग सुतारानं खालचा पाऊण इंच कापून काढला आणि सागाची नवी पट्टी पाण्यात न सुटणाऱ्या गोंदानं बसवली. पट्टी आडवी बसल्यानं उभ्या लाकडाचा उघडा काप आता तिच्यामागे झाकला गेलाय. हे फार महत्त्वाचं काम झालं. बाकीच्या चार दारांना ते केलं नाही, त्यांच्या कडा शाबूत होत्या.

दरम्यान उरलेल्या दारांवरचा मेणचटपणा काढला. फोडणीच्या तेलाची वाफ वर्षानुवर्षं बसून जो तपकिरी चिकटा होतो, तो नुसत्या साबणानं निघत नाही. धुण्याचा सोडा कोमट पाण्यात, फडकं घट्ट पिळून, मग लगेच साध्या पाण्याचं फडकं, मग कोरडं. लाकूड भिजवायचं नाही. शेगडीजवळच्या दारावर हळदीचा जुना डाग होता, तो घासत बसले नाही. दार दोन दिवस खिडकीतल्या उन्हाच्या तिरिपेत ठेवलं, डाग फिकट होऊन गेला. हळदीचा रंग उजेडात टिकत नाही हे लोणच्याच्या झाकणफडक्यावरून माहीत होतंच.

जुनं पॉलिश कुठे शिल्लक आहे ते पाण्याच्या थेंबानं कळतं. बोटानं थेंब ठेवायचे आणि पाच मिनिटं थांबायचं. मोत्यासारखा उभा राहिला तर थर आहे, पसरून लाकूड काळं झालं तर थर गेलाय. आमच्या दारांच्या वरच्या अर्ध्यात थेंब उभे राहिले, खाली एकही नाही.

मग घासणं. मेलामाइनची धुरकट साय काढायला १२० नंबरचा पेपर चौकटीवर चालवला, नंतर १८०, मग २२०, नेहमी लाकडाच्या रेषेच्या दिशेनं. पॅनेलवर मात्र १८० पासूनच सुरुवात, तीही हलक्या हातानं, कारण व्हिनियर कागदाएवढं पातळ असतं. तरी एका दाराच्या कोपऱ्यात माझा हात जड पडला आणि खालचा पांढरा प्लाय दिसू लागला. नाण्याएवढी जागा. रंग भरून ती लपली, पण माहीत असलेल्याला दिसते. सागाची धूळ घशाला बोचते, मुखवटा लावाच.

इथपर्यंत सगळं नीट चाललं होतं. पहिल्या दारावर वॉर्निशचा पहिला हात मारला आणि समोर डोळ्यांदेखत थर फाटू लागला. मसुरीएवढी गोल गोल भोकं, प्रत्येकाच्या मध्यभागी कोरडं लाकूड, भोवती वॉर्निशची कड उभी राहिलेली. ब्रश फिरवला की बुजायची, पाच मिनिटांत परत तिथेच. मला वाटलं डबा खराब आहे. चाचांना फोटो पाठवला, त्यांचा फोन आला: "घर में कोई चमकानेवाला स्प्रे मारते थे क्या?"

मारत होतो. दर दसऱ्याला मीच मारत होते, फर्निचर चमकवायचा स्प्रे, दारांना आणि टीव्हीच्या कपाटाला. त्यात सिलिकॉन असतं. ते लाकडाच्या रेषांत मुरतं, पेपरनं घासलं की निघण्याऐवजी आणखी पसरतं, आणि त्याच्यावर वॉर्निश धरत नाही. ओल्या कढईतल्या तेलासारखं बाजूला सरतं.

ओला थर टर्पेंटाइननं पुसून काढला. मग सगळी सात दारं टर्पेंटाइनच्या फडक्यानं तीन-तीनदा पुसली, दर वेळी नवं फडकं, एकाच दिशेनं, मागेपुढे नाही. आईंच्या दोन जुन्या सुती साड्या त्यात संपल्या. एवढ्यानंही खात्री नव्हती, म्हणून चाचांनी सांगितलेला उपाय केला: मध्ये लाखेचा एक पातळ थर. सिलिकॉनवर लाख धरते आणि लाखेवर वॉर्निश धरतं. म्हणजे ज्या लाखेला मी स्वयंपाकघरात नको म्हटलं, तीच मधली भिंत म्हणून उपयोगी आली.

चपडा लाख म्हणजे पातळ, मधासारख्या रंगाच्या कपच्या. पळस, कुसुम, बोरीच्या फांद्यांवर एक किडा जो राळेचा थर चढवतो, तो खरवडून, गाळून ती करतात. आपल्याकडे सगळ्यात जास्त झारखंडातून येते, आणि रांचीजवळच्या नामकुमला तर १९२४ पासून लाखेच्या संशोधनाची संस्था आहे. लोणच्याच्या रिकाम्या बरणीत लिटरभर स्पिरिटला १२० ग्रॅम या मापानं भिजत घातली. दुसऱ्या दिवशी विरघळली, पण गढूळ. त्या गढूळपणात लाखेचं स्वतःचं मेण असतं, आणि मेणावर पीयू बसत नाही. म्हणून बरणी न हलवता खिडकीत ठेवून दिली. तिसऱ्या दिवशी वर थोडा स्वच्छ थर दिसला, आठवड्यानं वरचा बराच भाग पारदर्शक, चहाच्या कोऱ्या काढ्यासारखा, आणि तळाशी ताकाच्या निवळीखाली बसावा तसा पांढरट साका. वरचं स्वच्छ तेवढं वाटीनं हळूच काढून घेतलं. मला त्या आठवड्यात रोज सकाळी उठल्यावर आधी ती बरणी बघायची सवय लागली होती.

कापसाचा बोळा मलमलीत गुंडाळून एक हात दिला. स्पिरिट लगेच उडतं, अर्ध्या तासात पुढचं करता येतं. पण हाही थर दमट हवेत पांढरा पडतो, तेव्हा दुपारी बारा ते तीनमध्ये केला.

त्यानंतर वॉर्निश. आता भोकं पडली नाहीत. एकसुद्धा नाही. मी वाकून, तिरक्या बॅटरीच्या उजेडात, इंच इंच शोधलं.

पद्धत सांगते. डबा हलवायचा नाही, ढवळायचा. हलवला की बुडबुडे होतात आणि ते दारावर सुकतात. मॅट वॉर्निशमध्ये चमक मारणारी भुकटी तळाशी बसते, म्हणून काठीनं तळापासून सावकाश ढवळायचं, आणि काम चालू असतानाही मधून मधून. लागेल तेवढं वाडग्यात काढून घ्यायचं, ब्रश डब्यात बुडवायचा नाही. पहिला हात दहाला एक टर्पेंटाइन घालून पातळ, म्हणजे आत मुरतो. पुढचे दोन पातळ न करता.

आणि सुरुवात खालच्या कडेपासून. दार उलटं उभं करून आधी ती कड भरली. पहिला हात तिनं गिळला, पाच मिनिटांत कोरडी. लगेच दुसरा दिला, तोही गिळला. तिसरा वर राहिला. तोंडाला एकूण तीन हात झाले तेव्हा खालच्या कडेला सहा झाले होते. बिजागरीचे खड्डे, स्क्रूची भोकं, मुठीची भोकं, हेही कापूस गुंडाळलेल्या काडीनं आतून ओलं केलं. मग मागची बाजू. मागच्या बाजूला समोरच्या एवढेच हात द्यायचे. एका बाजूला थर आणि दुसरी उघडी राहिली तर उघडी बाजू दमट हवेत फुगते आणि दार वाकतं. पैसे वाचवायला लोक नेमकं हेच सोडतात.

दोन्ही बाजू एकाच दिवशी व्हाव्यात म्हणून फळीच्या तुकड्यात चार खिळे ठोकून टोकं वर ठेवली. अशा दोन फळ्या. मागची बाजू ओली असतानाच दार उलटून या खिळ्यांच्या टोकांवर ठेवायचं आणि समोरची करायची. मागे आठ बारीक ठिपके उरतात, ते शेवटच्या हाताला दिसेनासे होतात.

पंखा बंद. आदल्या रात्री फरशी ओल्या फडक्यानं पुसलेली, सकाळी केर काढायचा नाही. आमच्या मागची इमारत पुनर्विकासाला गेलीय, दिवसभर धूळ उडते, म्हणून वॉर्निशचे हात सकाळी साडेसहाला, त्यांचं काम सुरू व्हायच्या आत. लाखेला दुपारची कोरडी हवा, वॉर्निशला सकाळची शांत. पाइप गॅसचा मीटरजवळचा कॉक बंद, खिडक्या उघड्या. वॉर्निशची फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकायची नाहीत. तेलाच्या पायाचं वॉर्निश सुकताना तापतं आणि घडीतलं फडकं आपोआप पेट घेऊ शकतं. मी ती पाण्याच्या बादलीत टाकत होते, नंतर गजांवर एकेक पसरून वाळवली.

डब्यावर आठ तासांनी दुसरा हात लिहिलं होतं. मी पूर्ण दिवस थांबले. ३२० नंबरचा पेपर हलकेच फिरवला की खडूसारखी पांढरी भुकटी आली पाहिजे. पेपरला चिकट गोळ्या धरल्या तर सुकलेलं नाही, ठेवून द्यायचं. दुसऱ्या हातानंतर एका ढगाळ दिवशी गोळ्या धरल्या, तेव्हा आणखी एक दिवस तसाच जाऊ दिला.

या सगळ्या काळात ओट्याखाली दारं नव्हती. आईंच्या नऊवारीचा पडदा दोरीवर अडकवला होता. तळमजल्यावर झुरळांची भीती, म्हणून रात्री डबे वर. आईंना उघडी भांडी सहन होत नाहीत, पण त्यांनी एकदाही लवकर आटप म्हटलं नाही. शेवटच्या हातानंतर चार दिवसांनी मी सिंकचं डावं दार त्यांच्यासमोर खुर्चीवर आडवं ठेवलं. त्यांना आता वाकता येत नाही. त्यांनी समोरून बघितलंच नाही. खालच्या कडेवरून अंगठा फिरवला, या टोकापासून त्या टोकापर्यंत, मग परत. मग पदरानं डोळे पुसले आणि म्हणाल्या, "आधी सिंकचंच लाव."

लावलं, पण हाताला सुकं लागणं आणि आतून पक्कं होणं वेगळं. पुढचे तीन आठवडे दारांना साबण लावला नाही, कोरड्या फडक्यावर भागवलं. दगडाच्या कडेखाली गवंड्याकडून एक खाच कापून घेतलीय, दारांच्या पुढे, ओट्याच्या पूर्ण लांबीची. आता पाणी त्या खाचेशी येऊन सुटतं आणि सरळ फरशीवर पडतं, मागे वळून दारावर येत नाही. हे काम खरं तर ओटा बसवतानाच व्हायला हवं होतं. नवा ओटा घालणाऱ्यांनी दगडवाल्याला आठवणीनं सांगा.

परवा पुन्हा पाट घेऊन बसले. आई भांडी विसळत होत्या. जोरात नळ सोडल्यावर एक ओघळ तरी आलाच, खालच्या कडेला थेंब होऊन लटकला. मी मुद्दाम पुसला नाही. तासाभरानं बोटानं टिपला, खाली लाकडाचा रंग होता तसाच.

खालच्या सात दारांना एक लिटर जेमतेम पुरलं. पट्ट्यांचं सुतारकाम धरून सगळं मिळून साडेचार हजारांच्या आत झालं. वरची पाच दारं बाकी आहेत. त्यांना पाण्याची भीती कमी, पण शेगडीवरच्या दोघांना वाफ लागते आणि त्यांचीही खालची कडच काळी पडलीय. दुसरा डबा आणून ठेवलाय, बरणीत अजून पाऊण वाटी स्वच्छ लाख आहे. होळीच्या आधी उरकायचं, नंतर हवा जड व्हायला लागते. उद्या रविवार आहे, सकाळी शेगडीवरच्या दारांच्या बिजागऱ्या सोडते.